आधी मोजावे, मग वाट द्यावी

(स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे विद्यार्थी आजही त्यांचा एक दंडक सांगतात. प्रयोगवहीत आधी वाचने उतरवायची आणि मगच निष्कर्ष लिहायचा. वाचनांचा रकाना कोरा असेल, तर निष्कर्ष कितीही बरोबर असला तरी वही परत मिळायची. आज मी ज्या यंत्राबद्दल बोलणार आहे, ते दिवसरात्र वाचने घेत असते आणि बहुतेक ठिकाणी ती कोणीही पाहत नाही. ते यंत्र म्हणजे इथरनेट स्विच.

बँकेची शाखा, तहसील कार्यालय, महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा, रुग्णालय, कुठेही गेलात तरी कपाटावर किंवा जिन्याखाली एक चपटी पेटी दिसते. तिच्यात निळ्या-पिवळ्या केबली खोचलेल्या असतात आणि हिरवे दिवे लुकलुकत असतात. या पेटीकडे दोन कामे असतात. आलेली माहिती योग्य दाराने बाहेर पाठवायची, हे पहिले. त्या येण्याजाण्याची नोंद ठेवायची, हे दुसरे. पहिल्या कामासाठी आपण पैसे मोजतो. दुसरे काम त्याच पैशात होत असते, पण ते आपण क्वचितच वापरतो. माझे म्हणणे असे की दुसऱ्याशिवाय पहिले नीट होऊच शकत नाही. कोणाला आधी वाट द्यायची हे ठरवण्याचा अधिकार आधी मोजणाऱ्यालाच आहे.

यासाठी थोडा इतिहास पाहू. मे १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटचा आराखडा एका टिपणात मांडला. डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने त्यांनी जे पहिले जाळे उभारले, त्याचा वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. पुढे १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून १० मेगाबिटचा आराखडा प्रसिद्ध केला आणि १९८३ मध्ये आयईईई या संस्थेने ८०२.३ या क्रमांकाने त्याचे मानक मंजूर केले. त्या काळी सगळे संगणक एकाच जाड केबलला जोडलेले असत. बोलण्याआधी ऐकायचे, केबल मोकळी असेल तरच पाठवायचे, दोघे एकाच वेळी बोलले तर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, अशी ती रीत होती. त्यामुळे एकाचे बोलणे सगळ्यांच्या कानावर पडे.

१९९० मध्ये चित्र पालटले. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी स्थापन केलेल्या ‘कल्पना’ या कंपनीने अनेक पोर्टांचा, म्हणजे अनेक दारांचा, इथरनेट स्विच बाजारात आणला. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. स्विचमध्ये प्रत्येक संगणकाला स्वतःचा पोर्ट मिळाला आणि एकाची माहिती फक्त ज्याला हवी त्याच्याकडे जाऊ लागली. वेग वाढला, शेजाऱ्याच्या बोलण्याला कान लावणे अवघड झाले. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण त्याबरोबर एक गोष्ट हातातून गेली. पूर्वी केबलवर कुठेही एक संगणक लावून बसले की सगळ्या जाळ्याची हालचाल दिसे. स्विच आल्यावर प्रत्येक पोर्टवर फक्त त्या पोर्टचेच दिसू लागले. सगळे चित्र पाहू शकेल असा एकच घटक उरला, तो म्हणजे स्विच स्वतः. स्विचवर काउंटर आले, नमुने घेण्याची सोय आली, धोक्याच्या सूचना आल्या, त्यामागे हे कारण आहे. जी दृष्टी त्याने आपल्याकडून काढून घेतली, ती परत देण्याचे कामही त्यालाच करावे लागले.

आता स्विचच्या आत डोकावू. इथरनेटवरची माहिती ज्या तुकड्यांतून जाते त्यांना फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेमवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा ४८ बिटांचा पत्ता असतो. फ्रेम आली की स्विच आधी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि ‘हा अमुक पोर्टवर आहे’ अशी नोंद आपल्या तक्त्यात करतो. मग घेणाऱ्याचा पत्ता त्या तक्त्यात शोधतो. सापडला तर फ्रेम त्याच पोर्टने जाते, नाही सापडला तर बाकी सगळ्या पोर्टांनी पाठवली जाते. एखादा पत्ता बराच वेळ, साधारणपणे ३०० सेकंद, बोललाच नाही तर त्याची नोंद पुसली जाते. कोणी काही न शिकवता स्विच असा आपोआप शिकतो. म्हणूनच तो खोक्यातून काढून जोडला की लगेच चालतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे पुन्हा वळून बघायला हवे हे कोणाच्या ध्यानीमनी राहत नाही.

या सोपेपणात एक धोका आहे. इंटरनेटच्या पाकिटावर त्याचे आयुष्य लिहिलेले असते. दर टप्प्याला ते एकाने कमी होते आणि शून्यावर आले की पाकीट टाकून दिले जाते. इथरनेटच्या फ्रेमवर असे आयुष्य लिहिलेले नसते. दोन स्विचांमध्ये चुकून दोन वाटा तयार झाल्या, तर सगळ्यांसाठी पाठवलेली एक फ्रेम त्या वर्तुळात फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत तिच्या नव्या प्रती निघतात. एक गिगाबिटच्या पोर्टवरून सर्वात लहान, म्हणजे ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात. वर्तुळ जुळले की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जाळे या निरर्थक फ्रेमनी भरून जाते. कार्यालयात टेबलाखाली लोंबकळणारी पॅच कॉर्डची दोन्ही टोके कोणी सद्भावनेने भिंतीत खोचली, तरी हे घडू शकते.

यावर १९८५ मध्ये डिजिटल कंपनीतल्या रेडिया पर्लमन यांनी उपाय काढला. स्विच आपसात छोटे निरोप पाठवतात, एकाला मूळ मानतात आणि जास्तीच्या वाटा स्वतःहून बंद ठेवतात. चालू वाट तुटली तर बंद वाट उघडते. हा ‘स्पॅनिंग ट्री’ आज जगभरच्या स्विचांमध्ये आहे. त्याच्या जोडीला वादळ-नियंत्रणाची सोय असते. सगळ्यांना उद्देशून पाठवलेल्या फ्रेमनी ठरावीक प्रमाण ओलांडले की स्विच पुढच्या फ्रेम टाकून देतो किंवा तो पोर्टच बंद करतो.

पण उपाय यंत्रात आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहरातल्या बेथ इस्रायल डिकोनेस या मोठ्या रुग्णालयाचे जाळे कोसळले. १९९६ मध्ये दोन रुग्णालये एकत्र येऊन ही संस्था झाली होती आणि तिचे जाळे तुकड्यातुकड्याने जोडत वाढले होते. स्पॅनिंग ट्रीच्या मानकात दोन टोकांमध्ये सातपेक्षा जास्त स्विच नसावेत असे गृहीत धरलेले आहे. या जाळ्याने ती मर्यादा केव्हाच ओलांडली होती. तरीही रोजचा कारभार चालू होता. मग एका संशोधकाच्या संगणकावरून प्रचंड प्रमाणात माहिती वाहू लागली, स्विचांचे आपसातले निरोप वेळेवर पोहोचेनात, बंद वाटा उघडल्या आणि वर्तुळे तयार झाली. जवळपास चार दिवस डॉक्टर, परिचारिका आणि प्रयोगशाळा कागदावर आल्या. औषधांच्या चिठ्ठ्या हाताने लिहिल्या जाऊ लागल्या, तपासण्यांचे अहवाल माणसे धावत पोहोचवू लागली.

या घटनेतली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट नंतरची आहे. रुग्णालयाच्या माहिती विभागाचे प्रमुख डॉ. जॉन हॅलमका यांनी झाला प्रकार लपवला नाही. काय बिघडले, कसे बिघडले, हे त्यांनी उघडपणे सांगितले आणि त्यातून इतर रुग्णालये शिकली. जाळे कोलमडायला त्या संशोधकाचे निमित्त झाले. मूळ कारण असे, की वाढत गेलेल्या जाळ्याचे एकूण माप कोणाच्याच हाती नव्हते.

आता प्राधान्याकडे वळू. स्विचच्या प्रत्येक पोर्टला बाहेर जाण्यासाठी रांगा असतात. येणारी माहिती बाहेर जाऊ शकणाऱ्या माहितीपेक्षा जास्त झाली की ती रांगेत थांबते आणि रांग भरली की टाकून दिली जाते. कोणी थांबायचे, हे सांगण्यासाठी फ्रेमवर चार बाइटची चिठ्ठी लावता येते. तिच्यातले १२ बिट ती फ्रेम कोणत्या आभासी जाळ्यातली, म्हणजे कोणत्या व्हीलॅनमधली, ते सांगतात. ३ बिट तिचा दर्जा सांगतात. तीन बिटांतून आठ दर्जे होतात. दूरध्वनीचा आवाज वरच्या दर्जाचा, रात्रीचा बॅकअप खालच्या दर्जाचा, अशी मांडणी त्यातून होते.

आवाजाला वरचा दर्जा का, हे आकड्यांतून बघा. जाळ्यावरून जाणारा दूरध्वनी साधारणपणे दर २० मिलिसेकंदांना एक छोटे पाकीट पाठवतो, म्हणजे सेकंदाला ५०. त्याला वेग फारसा लागत नाही, वक्तशीरपणा लागतो. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला तर संभाषण सहज चालते. उशीर वाढत गेला की दोघे एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात. बॅकअपचे तसे नाही. तो रात्री दोनऐवजी अडीचला संपला तर कोणाचे काही बिघडत नाही. ज्याला उशीर सोसत नाही त्याला पुढे जाऊ द्यावे, हे न्यायाचेच आहे.

पण सर्वात वरची रांग रिकामी झाल्याशिवाय खालच्या रांगेकडे बघायचेच नाही, असा कडक नियम लावला, तर वरची रांग कधीच न संपल्यास खालचे उपाशी मरतात. म्हणून प्रत्येक रांगेचा वाटा ठरवून देणारी पद्धतही असते. वरच्या रांगेच्या चार फ्रेम गेल्या की खालच्या रांगेची एक जाईल, अशा प्रकारची. कोणती पद्धत निवडायची हे स्विच सांगत नाही, ते माणसाने ठरवायचे असते. रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या मॉनिटरला पहिली वाट द्यायची की संचालकांच्या व्हिडिओ बैठकीला, हा प्रश्न तंत्राचा नाही, संस्थेच्या मूल्यांचा आहे. त्याचे उत्तर संस्थेने उघडपणे द्यावे. रात्री साडेअकराला रॅकपुढे बसलेल्या एकट्या तंत्रज्ञावर ते सोडून देऊ नये.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. प्राधान्याने क्षमता वाढत नाही. वाट मोकळी असेल तेव्हा प्राधान्याचा काही उपयोग नसतो आणि वाट कायमच तुंबलेली असेल तर त्रास कोणी सोसायचा एवढेच त्याने ठरते. यांतले आपल्याकडे काय घडते आहे, हे मोजल्याखेरीज कळत नाही.

एक प्रत्यक्ष पाहिलेले उदाहरण सांगतो. तालुक्याच्या गावातले एक रुग्णालय. एक्स-रे विभागातली प्रतिमा वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या संगणकावर उघडायला कित्येक मिनिटे लागत. ‘नेट स्लो आहे’ एवढीच तक्रार. कोणीतरी आधीच एक्स-रे विभागाला सर्वात वरचा दर्जा देऊन ठेवला होता. फरक शून्य. पिंग करून, म्हणजे चाचणीचे छोटे पाकीट पाठवून, पाहिले तर उत्तर ताबडतोब येत होते, एकही पाकीट हरवत नव्हते. नवा, महाग स्विच घ्यावा असे ठरत आले होते.

आम्ही दोन्ही स्विचांचे काउंटर उघडले. खालच्या स्विचच्या पोर्टवर तपासणी-बेरीज न जुळलेल्या, म्हणजे वाटेत फुटलेल्या फ्रेमचा आकडा दर मिनिटाला चढत होता. वरच्या स्विचवर असे काही नव्हते. तिथे दुसराच आकडा चढत होता, उशिरा झालेल्या टकरींचा. ही जोडी दिसली की निदान जवळजवळ झालेच म्हणायचे. खालचा पोर्ट कोणीतरी हाताने ‘१०० मेगाबिट, फुल ड्युप्लेक्स’ असा बांधून टाकला होता आणि वरचा ‘ऑटो’वर होता. हाताने बांधलेला पोर्ट समोरच्याशी वाटाघाट करत नाही. समोरच्याला वेग ओळखता येतो, पण ड्युप्लेक्स, म्हणजे एकाच वेळी बोलायचे-ऐकायचे (फुल) की आळीपाळीने (हाफ), हे कळत नाही. मग तो नियमाप्रमाणे हाफ ड्युप्लेक्स धरून चालतो. एक टोक बोलता-बोलता ऐकत होते, दुसरे टोक समोरून आवाज आला की टक्कर समजून आपली फ्रेम अर्ध्यावर सोडत होते. पिंगचे छोटे पाकीट एकेकटे जाते, त्यामुळे ते सुखरूप पोहोचे. मोठी प्रतिमा निघाली की दोन्ही बाजूंनी वाहतूक सुरू होई आणि फ्रेम फुटत. दोन्ही टोके ‘ऑटो’वर ठेवली आणि प्रतिमा क्षणात उघडू लागली. दोष रांगेत नव्हताच, मग रांगेत पुढे नेऊन काय होणार? ते दोन आकडे स्विचमध्ये कितीतरी दिवस चढत होते, वाट पाहत होते कोणीतरी विचारण्याची.

हे विचारण्याची रीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठरली. तिला एसएनएमपी म्हणतात. मध्यवर्ती संगणक ठरावीक वेळाने प्रत्येक स्विचला विचारतो, अमुक पोर्टवर आतापर्यंत किती बाइट आले, किती गेले, किती टाकून दिले? दोन उत्तरांची वजाबाकी केली की मधल्या काळातली वाहतूक कळते. पण ही वजाबाकी डोळे उघडे ठेवून करावी लागते. जुना काउंटर ३२ बिटांचा, म्हणजे सुमारे ४२९ कोटींपर्यंत मोजणारा. गाडीचा किलोमीटर-मीटर भरला की पुन्हा शून्यावर येतो तसा तोही येतो. १० मेगाबिटच्या काळात तो भरायला सुमारे ५७ मिनिटे लागत. एक गिगाबिटची वाट पूर्ण भरून वाहत असेल तर तो ३४ सेकंदांत भरतो. पाच मिनिटांनी विचारणाऱ्याला मधल्या फेऱ्यांचा पत्ताच लागत नाही आणि भरधाव वाहणारी वाट निवांत दिसते. यासाठीच ६४ बिटांचे काउंटर आले. ते आपल्या देखरेखीत वापरले जात आहेत का, हे पाहणे दोन मिनिटांचे काम आहे.

सरासरीचेही असेच. पाच मिनिटे म्हणजे ३०० सेकंद. त्यांतला एक सेकंद पोर्ट शंभर टक्के भरला आणि बाकी काळ रिकामा राहिला, तर सरासरी निघते ०.३३ टक्का. आलेख सपाट दिसतो. पण त्याच एका सेकंदात रांग ओसंडून फ्रेम टाकल्या गेल्या असतील, दूरध्वनीवरचे वाक्य अर्धवट तुटले असेल. म्हणून सरासरीच्या आलेखाशेजारी टाकून दिलेल्या फ्रेमचा आकडा हवाच. तक्रार करणारा माणूस खोटे बोलत नसतो. आपण चुकीचा आकडा पाहत असतो.

सगळे स्वतः पाहणे शक्य नसते, म्हणून स्विचलाच पहारा नेमून देता येतो. १९९१ मध्ये आलेल्या आरमॉन या मानकाने ती सोय दिली. त्यात एक शहाणपणाची योजना आहे. धोक्याच्या सूचनेला दोन उंबरठे असतात. आकडा वरचा उंबरठा ओलांडतो तेव्हा सूचना येते. नंतर तो खालच्या उंबरठ्याखाली उतरल्याशिवाय तीच सूचना पुन्हा येत नाही. काठावर घुटमळणाऱ्या आकड्यामुळे रात्रभर घंटा वाजत राहिली, तर तिसऱ्या दिवशी माणूस घंटाच बंद करतो. हे ज्याने ओळखले, त्याला यंत्राइतकेच माणसाचे मनही कळत होते.

वाहतूक किती हे काउंटर सांगतो, कोणाची हे सांगत नाही. त्यासाठी नमुने घेतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसफ्लो या पद्धतीत स्विच दर काही हजार फ्रेमपैकी एक यादृच्छिकपणे उचलतो आणि तिचा सुरुवातीचा भाग मध्यवर्ती संगणकाकडे पाठवतो. एखाद्या प्रकारच्या वाहतुकीचे १०,००० नमुने जमले की तिच्या प्रमाणाचा अंदाज साधारण दोन टक्क्यांच्या आत येतो, एकूण फ्रेम कितीही कोटी असोत. यामागचे नमुना-शास्त्र आपल्याला परके नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी देशातल्या पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज यादृच्छिक निवडलेल्या तुकड्यांची कापणी करून बांधण्याचे शास्त्र उभे केले. सगळी शेते कापून तोलणे शक्य नसते आणि सगळ्या फ्रेम उघडून पाहणेही शक्य नसते. ते आवश्यकही नसते.

यातल्या ‘आवश्यक नसते’ या भागावर मी भर देतो. स्विचमध्ये पोर्ट मिररिंग नावाची सोय आहे. एका पोर्टवरची संपूर्ण वाहतूक जशीच्या तशी दुसऱ्या पोर्टवर उमटवता येते. दोष शोधताना ती अनमोल ठरते, पण कुलूपबंद, म्हणजे कूटबद्ध, नसलेली माहिती तिच्यातून वाचताही येते. म्हणून माझे मत असे, की आधी काउंटर पाहावेत, मग नमुने पाहावेत आणि त्यांनी भागलेच नाही तर मिररिंग करावे, तेही लेखी परवानगीने, ठरावीक वेळेपुरते आणि त्याची नोंद ठेवून. जाळ्याची प्रकृती तपासणे हे आपले काम आहे. माणसांची पत्रे वाचणे हे नाही.

नोंदींचे आणखी एक पथ्य आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवून ठेवायची आहेत. घड्याळाची ही अट किरकोळ वाटेल. पण एका स्विचचे घड्याळ २० मिनिटे पुढे आणि दुसऱ्याचे कारखान्यातून आल्यापासून तसेच असेल, तर आधी काय बिघडले आणि त्यामुळे काय बिघडले, हे कधीच कळणार नाही. कारण आणि परिणाम यांचा क्रमच हरवतो. तशीच काळजी देखरेखीच्या दाराची घ्यावी. एसएनएमपीच्या जुन्या आवृत्त्यांत ‘पब्लिक’ हा परवलीचा शब्द सर्रास ठेवलेला असतो आणि तो जाळ्यावरून उघडा प्रवास करतो. तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटवण्याची आणि कुलूप लावण्याची सोय २००२ पासून प्रमाणित आहे. ती वापरावी.

श्रोतेहो, या सभागृहात पतसंस्थांचे संचालक आहेत, शाळांचे विश्वस्त आहेत, रुग्णालये चालवणारी मंडळी आहेत. तुम्हाला स्विच चालवता येण्याची गरज नाही. पण ताळेबंद मांडता न येणारा संचालकही वार्षिक सभेत हिशेब विचारतोच. तसेच हे चार प्रश्न पुढच्या सभेत विचारा. आपल्या जाळ्याचा अद्ययावत नकाशा कागदावर आहे का? प्रत्येक पोर्टचे काउंटर कोण पाहते आणि किती दिवसांनी? गर्दी झाली तर प्रथम वाट कोणाला, हे कोणी ठरवले आणि कुठे लिहिले आहे? जाळे चार दिवस बंद पडले तर कागदावर काम कसे चालवायचे, याचा सराव शेवटचा केव्हा झाला?

उत्तरे मिळाली नाहीत तर नव्या स्विचच्या खरेदीचा ठराव थांबवा आणि आधी वाचनांचा रकाना भरून मागा. तंत्रज्ञाला त्यासाठी आठवड्यातला एक तास द्या आणि तो तास त्याच्या कामाचा भाग म्हणून लिहून ठेवा. यंत्र प्रामाणिकपणे मोजतेच आहे. त्या मोजणीला वाचक नेमणे संचालक मंडळाच्या एका ठरावाने होणारे काम आहे, आणि तो ठराव तुम्ही करावा एवढीच माझी विनंती आहे.